आम्ही, तुम्ही आणि आपण

चार मराठी माणसे एकत्र जमली की गप्पांची गाडी कुठूनही सुटो, तासाभरात ती एका ठरावीक स्टेशनावर येऊन थांबते. गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाचा द्रोण हातात असो की दिवाळीच्या फराळाची बशी, कोणीतरी विचारतोच, "पण देशाचे वाटोळे केले कोणी?" एक पक्ष म्हणतो, पुढाऱ्यांनी. दुसरा म्हणतो, पुढारी काय आकाशातून पडले? लोकच तसे, म्हणून पुढारी तसे. मग "यथा राजा तथा प्रजा" हे वचन दोन्ही बाजूंनी, म्हणजे सुलट आणि उलट, वापरले जाते. चहा निवतो, वाद मात्र निवत नाही.

बहुतेक वेळा हा वाद आपण भारताबद्दल घालतो. पण ज्या देशात आपण राहतो, कर भरतो आणि मुले वाढवतो, त्या आयर्लंडमध्येही हाच वाद निदान पन्नास वर्षे चालू आहे. इथे एक मोठी सोय अशी की चौकशी आयोगांचे हजारो पानांचे अहवाल उपलब्ध आहेत. तेव्हा एकदा हा प्रश्न इथल्या पुराव्यावर तपासून पाहू या, असे मनात आले.

त्याआधी भाषेची एक गंमत सांगतो. इंग्रजीत 'वुई' हा एकच शब्द आहे. मराठीत दोन आहेत. 'आम्ही' म्हणजे ऐकणारा सोडून बाकीचे, आणि 'आपण' म्हणजे ऐकणाऱ्यासकट सगळे. आपल्या मुलांना मराठीच्या वर्गात हा फरक शिकवताना शिक्षकांच्या नाकी नऊ येतात, पण राजकारण समजून घ्यायला याच्यासारखे साधन नाही. शिवाय 'आपण'चा तिसरा अर्थ आहेच. "आपण बसावे" म्हणताना तो आदरार्थी 'तुम्ही' असतो. आयरिश पुढाऱ्यांनी वेळोवेळी 'वुई' म्हटले, तेव्हा त्यांना यांपैकी कोणता शब्द अभिप्रेत होता, हे पाहणे मोठे उद्बोधक आहे.

१९७७ : फुकटचा फराळ

जून १९७७ मध्ये आयर्लंडमध्ये सार्वत्रिक निवडणूक झाली. विरोधात असलेल्या फियाना फॉल पक्षाने जॅक लिंच यांच्या नेतृत्वाखाली एक झकास जाहीरनामा काढला. राहत्या घरांवरची 'रेट्स' नावाची स्थानिक घरपट्टी रद्द, बहुतेक खासगी गाड्यांवरचा वार्षिक कर रद्द, आणि पहिले घर घेणाऱ्यांना एक हजार पौंडांचे अनुदान. लोकांनी या पक्षाच्या पदरात निम्म्याहून अधिक मते आणि १४८ पैकी ८४ जागा टाकल्या. एवढे घवघवीत बहुमत त्या पक्षाला पुन्हा कधी मिळाले नाही.

सरकारने वचन पाळले. घरपट्टी गेली, पण खर्च गेला नाही. रस्ते, पाणी, कचरा यांचे पैसे आता डब्लिनच्या तिजोरीतून येऊ लागले. तिजोरीत पुरेसे नव्हते म्हणून कर्ज काढले. आपल्याकडे 'ऋण काढून सण' म्हणतात, त्यातला हा प्रकार. त्यात दुसरा तेलसंकटाचा फटका बसला. १९८७ पर्यंत राष्ट्रीय कर्ज देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाहूनही मोठे झाले होते, बेकारी १७ टक्क्यांच्या आसपास होती आणि तरुण मुले लंडन-बॉस्टनच्या वाटेला लागली होती.

दोष कोणाचा? आमिष दाखवणारे पुढारी होते हे खरे. पण गळ गिळणारे लोकही होतेच. इथवर 'लोकच तसे' म्हणणाऱ्या पक्षाची बाजू भक्कम दिसते.

आता पुढची गोष्ट ऐका. ९ जानेवारी १९८० रोजी नवे पंतप्रधान चार्ल्स हॉही दूरचित्रवाणीवर आले आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले की एक समाज म्हणून आपण आपल्या ऐपतीच्या फार बाहेर राहत आहोत. वाक्य खरे होते. पण बोलणाऱ्याची कहाणी पुढे चौकशी आयोगांत बाहेर आली. त्याच सुमारास या गृहस्थांची एका बँकेकडे दहा लाख पौंडांहून अधिक थकबाकी होती आणि ती तडजोडीने मिटवली जात होती. मोठा वाडा, घोडे, स्वतःचे बेट आणि पॅरिसच्या शार्वे या दुकानातले शर्ट, हा सगळा थाट धनिकांनी दिलेल्या पैशांवर चालला होता. १९७९ ते १९९६ या काळात त्यांना मिळालेल्या रकमांची बेरीज मोरिआर्टी आयोगाने २००६ मध्ये नव्वद लाख पौंडांच्या वर सांगितली.

म्हणजे खर्च करताना 'आम्ही' आणि काटकसर करताना 'आपण'.

'लोक' म्हणजे नक्की कोण?

याच काळात, १९७९ आणि १९८० साली, पगारदार लोकांनी डब्लिनच्या रस्त्यांवर प्रचंड मोर्चे काढले. त्यांची तक्रार साधी होती. आमचा कर पगारातूनच कापला जातो, आम्ही कुठे लपवणार? स्वतःचा धंदा किंवा मोठी शेती असणारे मात्र हवे तेवढेच दाखवतात. आपल्यातल्या बहुतेकांना पगाराची चिठ्ठी पाहताना जे वाटते, तेच.

ही तक्रार किती खरी होती ते पुढे 'डर्ट' प्रकरणात कळले. १९८६ मध्ये सरकारने बँकांतल्या ठेवींच्या व्याजावर उगमस्थानीच कर लावला. त्याचे इंग्रजी आद्याक्षरांचे नाव 'डर्ट' झाले, हा निव्वळ योगायोग. परदेशात राहणाऱ्या ठेवीदारांना हा कर माफ होता. झाले! गावोगावच्या शाखांत 'अनिवासी' खाती उघडली जाऊ लागली. खातेदार राहायचा गल्लीपलीकडे, पण पत्ता असायचा इंग्लंडमधल्या नाहीतर अमेरिकेतल्या नातेवाइकाचा. कधी नावही भलतेच. शाखेतल्या माणसाला खातेदार रोज रस्त्यात भेटत असे, तरी फॉर्मवर सही व्हायची. एनआरई आणि एनआरओ खात्यांचे फॉर्म भरून दमलेल्या आपल्यासारख्यांना या अनिवासींचे कौतुकच वाटावे! १९९९ मध्ये संसदेच्या लोकलेखा समितीच्या उपसमितीने जिम मिचेल यांच्या अध्यक्षतेखाली उघड सुनावणी घेतली. बँकांचे बडे अधिकारी कॅमेऱ्यासमोर घाम पुसताना देशाने पाहिले. मग बँकांकडून आणि खातेदारांकडून बुडवलेला कर दंडासकट वसूल झाला.

या प्रकरणात मंत्री थोडे आणि सामान्य माणसे पुष्कळ होती. दुकानदार, शेतकरी, छोटे व्यावसायिक, चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारी प्रतिष्ठित मंडळी. पण त्याच गावात पै न् पै कर भरणारी नर्स आणि शिक्षकही होते. म्हणून 'लोकच तसे' असे कोणी म्हटले की मला विचारावेसे वाटते, कोणते लोक? लोक म्हणजे एकच गठ्ठा नव्हे. चोरी करणारे, चोरी पाहून गप्प बसणारे आणि चोरीची भरपाई करणारे, हे सगळे 'लोक'च असतात.

दुसरे उदाहरण आपल्यापैकी अनेकजण शनिवारी पाहतात. डब्लिनच्या पश्चिमेला लिफी व्हॅली शॉपिंग सेंटर आहे. १९९८ मध्ये ते उघडले. त्या जागेचे मूळ नाव क्वारीवेल. शेतीच्या जमिनीला बांधकामाची परवानगी मिळाली की तिची किंमत रातोरात कित्येक पट होते, हे आपल्याला पुणे-नाशिकचे रिंगरोड पाहून ठाऊक आहे. इथे हा अधिकार कौंटी कौन्सिलच्या नगरसेवकांच्या हाती होता. १९९७ मध्ये नेमलेल्या आयोगाने, ज्याला पुढे न्यायमूर्ती मेहन यांच्या नावाने ओळखू लागले, वर्षानुवर्षे सुनावण्या घेतल्या आणि मार्च २०१२ मध्ये शेवटचा अहवाल दिला. क्वारीवेलच्या बाबतीत नगरसेवकांना पैसे वाटले गेले होते. वाटणारा मध्यस्थ फ्रँक डनलॉप २००९ मध्ये तुरुंगात गेला. रे बर्क हे माजी मंत्री तर २००५ मध्येच करचुकवेगिरीसाठी तुरुंगात जाऊन आले होते.

अहवालातला सर्वांत बोचरा निष्कर्ष वेगळाच आहे. भ्रष्टाचार मंत्र्यांपासून नगरसेवकांपर्यंत सगळ्या पातळ्यांवर मुरलेला होता, एवढे सांगून आयोग थांबला नाही. हे सगळे सर्वदूर माहीत होते आणि सर्वदूर खपवून घेतले गेले, असेही त्याने नोंदवले. अळी मिळी गुपचिळी!

आणि कधी कधी नुसते खपवून घेणे नव्हे, तर बक्षीसही. मायकल लाउरी या मंत्र्यांच्या घराच्या वाढीव बांधकामाचा खर्च एका उद्योगपतीने केल्याचे उघडकीस आले आणि १९९६ च्या अखेरीस त्यांनी राजीनामा दिला. १९९७ च्या निवडणुकीत ते अपक्ष म्हणून उभे राहिले आणि आपल्या टिपररी नॉर्थ मतदारसंघात पहिल्या क्रमांकाने निवडून आले. मतदारांचा हिशेब सरळ होता. तो आपल्या गावाची कामे करतो ना, मग बाकीचे डब्लिनवाले पाहून घेतील. हे वाक्य ऐकल्यावर तुम्हाला तुमच्या तालुक्यातले कोण आठवले, ते तुमचे तुम्ही ठरवा.

वाघाची शिकार

आता आपल्यातल्या जुन्या मंडळींनी स्वतः पाहिलेला काळ. १९९४ मध्ये केव्हिन गार्डिनर या अर्थतज्ज्ञाने आयर्लंडला 'केल्टिक टायगर' म्हटले आणि ते नाव चिकटले. नव्वदच्या दशकातली प्रगती खरी होती. युरोपचा निधी, शिकलेली तरुण पिढी, कमी कंपनी कर आणि अमेरिकन कंपन्यांचे कारखाने. आपल्यातले संगणकवाले, डॉक्टर आणि नर्सेस इथे आले ते याच लाटेवर.

पण २००० नंतर वाघाचे खाणे बदलले. निर्यातीऐवजी तो विटा-सिमेंट खाऊ लागला. युरो आल्यामुळे व्याजदर फ्रँकफर्टला ठरू लागले आणि ते फार कमी होते. पैसा स्वस्त झाला. बँका घराच्या पूर्ण किमतीएवढे कर्ज देऊ लागल्या. भाड्याने देण्यासाठी घर घेतले तर करात सवलत होती. १९९६ ते २००७ या काळात घरांच्या किमती तिपटीहून अधिक झाल्या. त्या वेळच्या सरकारी आकड्यांनुसार २००६ या एका वर्षात सुमारे ९० हजार घरे बांधली गेली, आणि देशाची लोकसंख्या होती ४२ लाख! दर आठ नोकरदारांपैकी जवळजवळ एकजण बांधकामात होता. गॉलवेच्या घोड्यांच्या शर्यतींत सत्ताधारी पक्षाचा तंबू लागत असे आणि बिल्डर मंडळी तिथे मंत्र्यांच्या पंगतीला बसत.

सरकारला घरांच्या खरेदीवर मुद्रांक शुल्काचा धो धो पैसा मिळत होता. त्या जोरावर आयकर कमी केला आणि खर्च वाढवला. अर्थमंत्री चार्ली मॅक्रीव्ही यांनी २००१ मध्ये बचतीची एक खास योजना आणली. तुम्ही चार टाका, सरकार एक टाकेल. दहा लाखांहून अधिक खाती उघडली गेली. पाच वर्षांची मुदत संपून पैसे हातात पडले ते मे २००६ ते एप्रिल २००७ या काळात, आणि निवडणूक झाली मे २००७ मध्ये. बर्टी अहर्न तिसऱ्यांदा पंतप्रधान झाले.

धोक्याची सूचना कोणी दिली नव्हती का? दिली होती. युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनचे प्राध्यापक मॉर्गन केली यांनी डिसेंबर २००६ मध्ये 'आयरिश टाइम्स'मध्ये लिहिले की घरांच्या किमती निम्म्यावरही येऊ शकतात. त्यांची टर उडवली गेली. जुलै २००७ मध्ये खुद्द पंतप्रधान म्हणाले की कडेला उभे राहून रडगाणे गाणारे लोक आत्महत्या का करत नाहीत, कळत नाही. मग त्यांना माफी मागावी लागली. पण तो विचार त्यांचा एकट्याचा होता असे कोणी समजू नये. नवे घर घेतलेल्या माणसालाही केलींचा लेख वाचायचा नव्हता. भविष्य वाईट सांगणारा ज्योतिषी कोणालाच आवडत नाही.

२९ सप्टेंबर २००८ च्या रात्री फुगा फुटला. सरकारी इमारतीत काही मोजकी माणसे बसली. मध्यरात्रीनंतर बाकीच्या मंत्र्यांची संमती फोनवरून घेतली गेली आणि सहा वित्तसंस्थांच्या सुमारे ४४० अब्ज युरोंच्या देण्यांना सरकारने हमी दिली. ही रक्कम देशाच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या दुपटीहून मोठी होती. सकाळी लोक उठले तेव्हा ते जामीनदार झाले होते. जामीन राहिलेल्या माणसाचे काय होते, हे आपल्याकडच्या पतपेढ्यांचे सभासद सांगतील. बँका वाचवायला अखेर सुमारे ६४ अब्ज युरो लागले, म्हणजे तान्ह्या बाळासकट डोईमागे १४ हजार युरो. नोव्हेंबर २०१० मध्ये युरोपीय संघ आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांचे ८५ अब्जांचे पॅकेज आले. त्यातले साडेसतरा अब्ज आयर्लंडचे स्वतःचेच होते, ज्यात पुढच्या पिढीच्या निवृत्तिवेतनासाठी साठवलेला निधीही आला.

बेकारी ५ टक्क्यांखालून १५ टक्क्यांपर्यंत गेली. घरांच्या किमती जवळजवळ निम्म्यावर आल्या. मॉर्गन केली खरे ठरले. देशभरात अर्धवट सोडलेल्या २,८०० हून अधिक वसाहती मोजल्या गेल्या. अंधारे रस्ते, दारे नसलेली घरे. जानेवारी २०११ पासून सर्वांच्या पगारातून 'यूएससी' कापला जाऊ लागला. आपल्या पगाराच्या चिठ्ठीवरची ती ओळ म्हणजे त्या रात्रीची आठवण आहे. ती ओळ अजून गेलेली नाही.

"आपण सगळ्यांनीच मजा केली"

नोव्हेंबर २०१० मध्ये अर्थमंत्री ब्रायन लेनिहन दूरचित्रवाणीवर म्हणाले की प्रामाणिकपणे बोलायचे तर आपण सगळ्यांनीच पार्टी केली. देशभर संतापाची लाट उसळली. पुढे सरकार बदलले. फियाना फॉल ७८ जागांवरून २० वर आला. नवे पंतप्रधान एंडा केनी ४ डिसेंबर २०११ रोजी राष्ट्राला उद्देशून म्हणाले की या संकटाला तुम्ही जबाबदार नाही. लोकांना बरे वाटले. दोनच महिन्यांत, जानेवारी २०१२ मध्ये, दावोसला जगातल्या धनिकांसमोर हेच केनी म्हणाले की आमचे लोक कर्जे काढण्यात वेडे झाले होते. घरच्यांसमोर एक आणि व्याह्यांसमोर एक!

मग खरे काय? फिनलंडचे पीटर नायबर्ग यांनी एप्रिल २०११ मध्ये बँकसंकटाचा अहवाल दिला. त्यात कळपाच्या मानसिकतेवर मोठा भर आहे. बँका एकमेकींच्या मागे धावल्या, नियामक गप्प राहिले, सरकार खूश होते आणि जनताही. म्हणजे लेनिहन अगदीच खोटे बोलत नव्हते. तरीही लोक चिडले ते योग्यच होते, असे माझे मत आहे. त्याला तीन कारणे आहेत.

पहिले कारण माहितीचे. घर घेणाऱ्या जोडप्याला आपला पगार आणि हप्ता एवढेच दिसत होते. बँकांनी कोणाला किती कर्ज दिले, हे नियामकाला पाहता येत होते. ज्याच्या हातात कंदील आहे, त्याने खड्डा दिसला नाही म्हणणे आणि अंधारात चालणाऱ्याने म्हणणे, यांत फरक आहे.

दुसरे अधिकाराचे. करसवलती कोणी दिल्या? हमीवर सही कोणी केली? ज्याच्या सहीने गोष्ट घडते, त्याचा वाटा मोठा.

तिसरे कारण भरपाईचे. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, कधीच कर्ज न काढलेल्या माणसानेही यूएससी भरला. सुक्याबरोबर ओलेही जळाले. अँग्लो आयरिश बँकेच्या माजी प्रमुखाला, डेव्हिड ड्रम यांना, शिक्षा झाली ती तब्बल दहा वर्षांनी, २०१८ मध्ये. लेनिहन यांचा 'आपण' होता तो आदरार्थी. मराठीत त्याचे भाषांतर एकच, "बिल आपण भरावे."

लोकहितवादी आणि जोतीराव

हा वाद मराठी माणसाला नवा नाही. जून १८१८ मध्ये दुसरा बाजीराव इंग्रजांच्या स्वाधीन झाला आणि वर्षाला आठ लाखांचे निवृत्तिवेतन घेऊन बिठूरला जाऊन राहिला. त्यानंतर तीस वर्षांनी, १८४८ मध्ये, पंचविशीतल्या गोपाळ हरी देशमुखांनी 'लोकहितवादी' या नावाने भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात पत्रे लिहायला सुरुवात केली. त्यांचे वडील बापू गोखल्यांचे फडणीस होते. म्हणजे राज्य गेले तेव्हा नुकसान झालेल्या घरातला हा मुलगा. त्याने बाजीरावाला शिव्या देऊन विषय संपवला असता तर कोणी नावे ठेवली नसती. पण त्याने मोर्चा वळवला तो स्वतःच्या समाजाकडे. आळस, विद्येचा कंटाळा, जातीचा अभिमान, जगात काय चालले आहे याची बेफिकिरी. ज्या समाजाला हे रोग लागले, त्याचे राज्य जाणारच, असा त्यांचा सूर होता. वाचकांना ते झोंबले.

पण जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तेव्हा या चित्रातली दुसरी बाजू समोर आली. ज्याला पिढ्यान्पिढ्या अक्षरओळख होऊ दिली नाही, ज्याच्याकडून फक्त सारा वसूल केला, त्या कुणब्याला राज्य बुडाल्याबद्दल कसे जबाबदार धरणार? बाजीरावाच्या काळात तर महसुलाचे मक्ते लिलावाने दिले जात होते आणि मक्तेदार शेतकऱ्याला पिळून रक्कम वसूल करत होता. त्याला कोणी विचारून राज्य चालवले नव्हते.

दोघांना एकत्र वाचले तर मला उत्तर सापडल्यासारखे वाटते. लोकहितवादी मुख्यतः आपल्याच शिकलेल्या वर्गाला आरसा दाखवत होते. ते 'आपण' म्हणाले, तेव्हा त्यात स्वतःला धरून म्हणाले. फुल्यांनी विचारले की या 'आपण'मध्ये आम्हाला कधी घेतले होते? दोन्ही प्रश्न खरे आहेत. स्वतःकडे बोट दाखवून म्हटलेला 'आपण' समाजाला सुधारतो. दुसऱ्याच्या गळ्यात बिल अडकवण्यासाठी म्हटलेला 'आपण' ही पळवाट असते.

म्हणून मी दोष आणि जबाबदारी हे दोन शब्द वेगळे ठेवतो. दोष वाटता येतो. ज्याच्याकडे माहिती आणि अधिकार जास्त, त्याच्याकडे दोष जास्त. तिथे पुढाऱ्यांचा आणि बँकवाल्यांचा वाटा सिंहाचा. पण दुरुस्तीची जबाबदारी अशी वाटता येत नाही, कारण ज्याने बिघडवले तो सहसा दुरुस्त करायला येत नाही.

मग आपण या 'आपण'मध्ये आहोत का?

दुरुस्तीचे एक उदाहरण आपल्या फार जवळचे आहे. १९८३ मध्ये आयरिश मतदारांनी ६६.९ टक्के मतांनी राज्यघटनेत आठवी दुरुस्ती केली आणि गर्भपातावर जवळजवळ पूर्ण बंदी आली. २८ ऑक्टोबर २०१२ रोजी गॉलवेत बेळगावच्या सविता हलप्पनवार या एकतीस वर्षांच्या दंतवैद्य मुलीचा जंतुसंसर्गाने मृत्यू झाला. गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट झाल्यावर तिने केलेली विनंती नाकारली गेली होती. गर्भपाताबद्दल आपले मत काहीही असो, त्या बातमीने आपल्यातल्या प्रत्येक घरात काळजाचा ठोका चुकला होता. त्यानंतर चिठ्ठ्या टाकाव्यात तसे यादृच्छिकपणे निवडलेले ९९ सामान्य नागरिक एका न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली महिनोन्महिने बसले, तज्ज्ञांना ऐकले, वाद घातले आणि शिफारस केली. २५ मे २०१८ रोजी लोकांनी ६६.४ टक्के मतांनी ती दुरुस्ती रद्द केली. पस्तीस वर्षांपूर्वी जे लोकांनी केले ते लोकांनीच बदलले. पुढारी मागून आले.

आता आपल्याविषयी. २००७ मध्ये आपल्यातल्या बहुतेकांना संसदेसाठी मत नव्हते, पण २०११ चा यूएससी सर्वांना होता. बिलाच्या 'आपण'मध्ये आपण होतो, निर्णयाच्या 'आम्ही'मध्ये नव्हतो. आज परिस्थिती वेगळी आहे. पुष्कळांनी नागरिकत्व घेतले आहे. ज्यांनी घेतले नाही त्यांनाही स्थानिक निवडणुकीत मत आहे, कारण आयर्लंडमध्ये राहणाऱ्या कोणत्याही प्रौढ माणसाला, पासपोर्ट कुठलाही असो, कौंटी किंवा सिटी कौन्सिलसाठी मतदान करता येते. फक्त मतदारयादीत नाव हवे. आणि क्वारीवेलचा निर्णय कुठे झाला होता? कौंटी कौन्सिलमध्येच. जून २०२४ च्या स्थानिक निवडणुकीत आपल्यातल्या किती घरांनी मत दिले, हे एकमेकांना विचारायला हरकत नाही.

२०२५ च्या उन्हाळ्यात टालाटमध्ये एका भारतीय माणसावर हल्ला झाला आणि पाठोपाठ आणखी घटना घडल्या. रात्री बसने घरी येणाऱ्या मुलांची वाट पाहताना आपल्याला काय वाटत होते, ते वेगळे सांगायला नको. तेव्हाही तोच प्रश्न निघाला, पुढारी गप्प का, की लोकच असे? पण त्याच टालाटमध्ये थोड्याच दिवसांत शेकडो रहिवासी आपल्या बाजूने रस्त्यावर उभे राहिले. हल्ला करणारे 'लोक' होते आणि फलक घेऊन उभे राहिलेलेही 'लोक'च होते. या दुसऱ्या लोकांनी आपल्याला त्यांच्या 'आपण'मध्ये घेतले होते. तेव्हा शेजाऱ्यांच्या रहिवासी संघाची सभा, शाळेची पालक समिती, कौन्सिलने मागवलेल्या हरकती-सूचना, इथे आपणही दिसायला हवे. मराठीच्या वर्गात मुलांना 'आम्ही' आणि 'आपण' यांतला फरक शिकवताना वाक्य हवेच असते. "आपण या गावात राहतो" हे वाक्य मला बरे वाटते. ते खरे ठरवण्यासाठी पहिले काम अगदी छोटे आहे, या आठवड्यात मतदारयादीत आपले नाव आहे का ते पाहून घेणे.